वावटळीला न घाबरणारा मंडप

वावटळीला घाबरण्याचं काही कारण नाही, असं रुद्राणीनं भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा तिच्या वडिलांचा घास ठेच्यात बुडालेला तसाच राहिला. घाबरण्याची कारणं बसवराजअप्पांना तोंडपाठ होती. परभणीत त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता आणि त्या एका उन्हाळ्यात वावटळीनं त्यांचे तीन मंडप उचलले होते. पिंगळीच्या साखरपुड्यातला मंडप तर स्टेशनामागच्या बाभळीवर जाऊन बसला आणि तो निघेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या लोकांनी त्याच्या झालरीवरचं 'वीरभद्र मंडप, परभणी' हे नाव सावकाश वाचून घेतलं. एवढी जाहिरात अप्पांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती.

"वावटळ म्हणजे तापलेल्या जमिनीवरची हवा," रुद्राणी म्हणाली. "गरम झाली की वर जाते. वर जाता जाता गरगर फिरते. मधोमध दाब कमी होतो. एवढंच."

"एवढंच," अप्पा म्हणाले. "ते एवढंच बाभळीवरून काढताना आपल्या महारुद्रचा हात सोलून निघाला, माय."

रुद्राणीनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि निकाल लागल्यापासून ती घरात मोकळी होती. मोकळा पदवीधर घरात असला की वस्तूंना जपावं लागतं. तिनं मिक्सर खोलून दुरुस्त केला होता (एक स्क्रू उरला, पण मिक्सर चालत होता) आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी किती तापतं याचा तक्ता करून न्हाणीघराच्या दारावर चिकटवला होता. आता तिची नजर धंद्यावर पडली होती, नेमकी धंदा हातातून जायच्या वेळी. अप्पांनी सगळं सामान हरिओम नावाच्या माणसाला देऊन टाकायचं ठरवलं होतं. हरिओमचं स्वतःचं मंगल कार्यालय होतं, आणि विटांच्या भिंती उडत नाहीत ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा, अप्पांना तर रोज. इकडे रुद्राणीच्या आईनं, नीलम्मांनी, बी.एड.च्या प्रवेशाची सगळी चौकशी करून ठेवली होती.

"सामान कोणाला द्यायचं नाही," रुद्राणी म्हणाली. "मंडप मी चालवते. उडणार नाही असा मंडप करता येतो."

अप्पांनी ठेच्यातला घास शेवटी उचलला. "सिझनची शेवटची ऑर्डर राणीसावरगावची हाय," ते म्हणाले. "आश्रुबाच्या पोरीचं लगीन. भर मे महिना, उघडं रान. तिथं तुझा मंडप निब्बर उभा राहिला तर धंदा तुझा. उडाला तर सामान हरिओमचं आन् तू बीएडची."

"मंजूर."

नीलम्मांनी तिला न विचारता आणखी भात वाढला. शिकवणाऱ्या बाईनं पोटभर जेवलं पाहिजे असं त्यांचं मत होतं.

गल्लीला हे दुसऱ्या दिवशी कळलं. गल्लीत कुठलीही गोष्ट कळली की तिच्यावर सल्ला तयार व्हायला चहा उकळेपर्यंतचाच वेळ लागतो. शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, वावटळीत काय असतं ते तुला पुस्तकात सांगणार नाहीत; ती आली की खाली बसावं, तिच्याकडं बघू नये आणि पायातलं काढून तिच्यावर भिरकवावं. पायताणाला ती भिते. समोरचे किशनराव वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी मंडपाला अर्थिंग करायला सांगितलं.

"वावटळीत करंट असतो, रुद्रा. लय जणाला माहीत न्हाई. चार कोपऱ्याला चार तांब्याच्या पट्ट्या गाड, वरनं मीठ आन् कोळसा टाक. करंट जमिनीत गेला की वावटळ तिथंच बसती."

वावटळीतली धूळ एकमेकांवर घासून खरोखरच विद्युतभार तयार होतो, हे रुद्राणीनं वाचलं होतं. त्यामुळं किशनरावांना सरळ चूक म्हणता येईना, आणि अर्धवट बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालण्यासारखा त्रास जगात दुसरा नाही. पुढचे आठ दिवस किशनराव दिसले की ती रस्ता बदलायची.

तिचा स्वतःचा निष्कर्ष असा होता: जुना मंडप उडतो तो ढिलेपणामुळं. बांबू वेगळा, कापड वेगळं, मधे सुतळी. एक कोपरा सुटला की दुसरा सुटतो आणि मग सगळा मंडप बाभळीच्या वाटेला लागतो. तेव्हा नवा मंडप एकसंध पाहिजे. तिनं हलक्या पाईपांचा सांगाडा केला, वर घुमटासारखं छत ताणलं, वारा आरपार जावा म्हणून बाजूच्या कनाती काढून टाकल्या. गाठी मारायचं काम महारुद्रकडं दिलं. महारुद्र हा अप्पांचा जुना माणूस. वारा आला की प्रत्येक खांबाला दोन माणसं लोंबकळायची, ही त्याची आणि आख्ख्या जिल्ह्यातल्या मंडपवाल्यांची पद्धत होती.

"लोंबकळायची गरजच पडणार नाही, महारुद्रमामा. फक्त एक गाठ सुटता कामा नये."

"सुटंना, ताई," महारुद्र म्हणाला. "मी सोडायची म्हनलं तरी सुटंना."

हे वाक्य त्यानं अभिमानानं उच्चारलं आणि रुद्राणीनं समाधानानं ऐकलं. दोघांनीही त्याचा विचार करायला हवा होता.

चाचणी गच्चीवर झाली. पाईपांऐवजी वायर, छताला नीलम्मांच्या जुन्या साडीचा तुकडा असा छोटा मंडप तिनं केला, त्याच्या पायांवर विटांचे तुकडे ठेवले आणि घरातला मोठा कूलर वर नेऊन त्याच्या तोंडाशी लावला. कूलर पहिल्या स्पीडवर असताना मंडप हलला नाही. दुसऱ्यावर हलला नाही. तिसऱ्यावर विटा सरकल्या, मंडप सुंदर वर गेला, कठड्यावरून पलीकडं झाला आणि चांगुणाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांच्या बरोबर मधोमध उतरला.

चांगुणाबाई उन्हात डोक्यावर पदर घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. वरून मंडप येतोय म्हटल्यावर त्यांनी चांगुणाबाई-पद्धतीप्रमाणे खाली बसून पायातली चप्पल भिरकावली. ती मंडपाला लागली नाही. उरलेल्या कुरडयांना लागली.

"बघितलंस?" तुटलेल्या कुरडया सुपात गोळा करत त्या म्हणाल्या. "चप्पल टाकल्याबरोबर बसली का न्हाई खाली?"

रुद्राणीला या चाचणीतून महत्त्वाची गोष्ट कळली. मंडपाचं बांधकाम निर्दोष होतं. तो जसाच्या तसा उडाला होता. कमी पडलं होतं ते वजन. छताचं क्षेत्रफळ आणि वावटळीतला कमी दाब यांचा गुणाकार करून तिनं पायांवर किती वजन लागेल ते काढलं, त्यावर थोडं जास्त धरलं आणि ते वजन कशाचं ठेवायचं याचा विचार करू लागली. खुंट्यांचा उपयोग नव्हता. उन्हाळ्यात तिकडच्या काळ्या मातीला एवढ्या भेगा पडतात की ठोकलेली खुंटी कधी कधी परत दिसतच नाही. तेव्हा वाळूच्या गोण्या. चांगुणाबाईंच्या बांधकामातली वाळू गच्चीवर उरलेलीच होती. कुरडयांच्या प्रकरणानंतर ती मागायला नीलम्मांना जावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

लग्नाच्या आदल्या दिवशी सामान निघालं. टेम्पो नेहमीसारखे अप्पा चालवत होते, मधे रुद्राणी, खिडकीला महारुद्र, मागं पाईप, कापड, पाण्याचे रिकामे निळे ड्रम आणि वाळूच्या गोण्या. गंगाखेडच्या अलीकडं महसूलच्या पथकानं हात केला. वाळूचोरांवर पाळत ठेवून उन्हात उभे असलेले पथकाचे साहेब घामानं निथळत होते. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पावती?"

"कशाची?" रुद्राणी खाली उतरली.

"वाळूची. कुठल्या घाटावरनं आणली?"

"घाटावरून नाही. गच्चीवरून."

साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "गच्चीवर घाट हाय का?"

मग रुद्राणीनं त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तापलेली जमीन, फिरणारी हवा, मधला कमी दाब, छताचं क्षेत्रफळ. हवेचा भोवरा दाखवायला तिनं स्वतःभोवती एक गिरकीही घेतली. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शासकीय माणसानं कोणाचं इतकं ऐकून घेतलेलं महारुद्रनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"ताई," साहेब म्हणाले, "वाळूवाल्यांनी मला लय कारणं सांगितली. देवळाचं काम, आजाऱ्याचं घर, सासऱ्याची समाधी. वावटळ आज पहिल्यांदाच."

"साहेब," अप्पा स्टिअरिंगवरूनच म्हणाले, "पोरगी एमएस्सी हाय. खोटं बोलायचं म्हनलं तरी तिला जमत न्हाई. लय तरास हाय तिचा आमाला."

याचा साहेबांवर परिणाम झाला. त्यांनी गाडी सोडली. गोण्या मात्र सोडल्या नाहीत. त्या रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडून त्यांच्यामागं पथकाचा फोटो निघाला आणि फोटोच्या कडेला, हातात मोजायची टेप घेतलेली, अपमानानं लाल झालेली रुद्राणीही आली. वाळूमाफियांचा हा नवा चेहरा तालुक्याच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत फिरत होता.

"काय करायचं मग?" टेम्पो सुरू करत अप्पांनी विचारलं. "हरिओमला फोन लावू?"

"गाडी पुढं घ्या, अप्पा."

राणीसावरगावात आश्रुबांचं रान गावाला लागूनच होतं. आश्रुबा अंगानं बारीक, आवाजानं मोठे. मंडपाची जागा त्यांनी आधीच साफ केली होती, अगदी बांधाजवळ, कारण सपाट तेवढीच होती. बांधापलीकडं त्यांच्या चुलतभावाचं, गोपाळचं रान. बांध कोणी कोरला यावरून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि लग्नाचं आवतणही बांध ओलांडून गेलं नव्हतं.

आश्रुबांकडच्या रिकाम्या गोण्यांत रानातली माती भरावी तर काळी माती मे महिन्यात दगड झालेली. कुदळ आपटली तर कुदळीचीच कीव यावी. रुद्राणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि समोर आश्रुबांनी लग्नासाठी मागवलेला पाण्याचा टँकर येताना तिला दिसला. पाण्याला वजन असतं. टेम्पोत सामानाबरोबर निळे ड्रम होतेच. प्रत्येक खांबाच्या पायाशी दोन दोन ड्रम दोरानं आवळून बांधले, काठोकाठ भरले, झाकणं लावली. आकडेमोडीत ते वाळूपेक्षा थोडे जास्तच भरले. उन्हानं प्लॅस्टिक नरम पडू नये म्हणून तिनं प्रत्येक ड्रमला बारदान गुंडाळून ते ओलं केलं आणि झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या पाण्याला हात लावू नये.'

ओल्या बारदानामुळं आतलं पाणी गार होतं. तिला हे माहीत होतं; बाष्पीभवनावर तिला बी.एस्सी.ला पैकीच्या पैकी मार्क होते. फक्त त्या दिवशी तिनं तो धडा आणि हा धडा एकत्र वाचला नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की नवरदेवाच्या घोड्यानं मधेच वळून सावलीत उभं राहायचा निर्णय घेतला. रुद्राणीला घोड्याकडं बघायला वेळ नव्हता. ती बांधावर उभी राहून मोबाईलवर हवेचा दाब आणि डोळ्यांनी क्षितिज बघत होती. त्यामुळं तिच्या पाठीमागं काय चाललंय ते तिला दिसलं नाही.

नवरदेवाची आत्या दगडाबाई जीपमधून उतरली ती घसा कोरडा करूनच. टँकरचं पाणी चहासारखं गरम. तेवढ्यात तिला ओल्या बारदानातला ड्रम दिसला. तिनं झाकणावरचं वाचलं.

"हात लावू नये म्हंजी चांगलं पानी हाय," ती सुनेला म्हणाली. "आपल्यासाठीच राखून ठिवलं असंल. आन गं तांब्या."

पाणी माठासारखं निघालं. मग वरपक्षाकडचे सगळे तिथं लागले. ते बघून वधूपक्षाकडचा एक मावसा उसळला: "पाहुण्याला गार पानी आन् घरच्यांनी टँकरचं प्यायचं व्हय?" त्यानं पलीकडच्या खांबाचा ड्रम उघडला. दोन्ही पक्षांनी मानपानाच्या जिद्दीनं पाणी प्यायलं, तोंडं धुतली, पोरांच्या डोक्यावर ओतलं. घोड्यालाही दोन बादल्या मिळाल्या. आणि पाणी संपल्यावर, लोक सभ्य असल्यामुळं, प्रत्येकानं झाकण नीट परत लावलं.

मुहूर्त जवळ आला. गुरुजी मंडपात आले, पाट मांडले गेले, अक्षता वाटायला सुरुवात झाली. अप्पा लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. आणि मोबाईलवरचा आकडा घसरला.

"आली!" रुद्राणी ओरडली. तिच्या आवाजात एवढा आनंद होता की काही लोकांना नवरी आली असं वाटलं.

नांगरून ठेवलेल्या रानातून ती येत होती. ताडासारखी उंच, मातकट, डोक्यावर कडब्याची पानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या फिरवत, मधेच थांबून दिशा बदलत. वऱ्हाडानं तिला बघितलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. माणसं मंडपातून बाहेर पळाली आणि बाहेर येताच ज्याच्या हाताला जी लागली ती चप्पल त्यानं वावटळीकडं भिरकावली. लग्नात चपला बाहेर काढलेल्याच असतात. दारूगोळ्याची कमतरता नव्हती.

"धरा! खांब धरा!" महारुद्र सवयीनं धावला.

"सोडा, मामा! काही होत नाही!" रुद्राणी त्याच खांबाशी पोचली. "आठ ड्रम पाणी आहे खाली!"

"ताई, उचलायलाय!"

"उचलू शकत नाही!"

घुमट एकदा आत ओढला गेला, मग पोट भरल्यासारखा फुगला. महारुद्रच्या गाठी करकरल्या. एकही सुटली नाही. मंडपाचा अलीकडचा पाय जमिनीवरून सुटला, मग पलीकडचे. महारुद्रनं अनुभवी माणसाप्रमाणे योग्य वेळी हात सोडले. रुद्राणीनं सोडले नाहीत. सोडणं म्हणजे बी.एड. हे तिच्या हातांना डोक्याच्या आधी कळलं होतं.

मंडप जसाच्या तसा वर गेला, आणि त्याबरोबर तीही.

हवेत गेल्यावर तिला भीती वाटली नाही. भीतीला थोडा मोकळा वेळ लागतो आणि तिथं बघायला फार होतं. कानात दडे बसले. म्हणजे दाब खरंच उतरला होता, तिचा अंदाज बरोबर होता. धूळ अंगाभोवती डावीकडून उजवीकडं फिरत होती. तिच्या नाकासमोरून एक लाल सँडल सावकाश गेली, तिच्यामागं एक कोल्हापुरी, मग एका पोराचा बूट, दिवा लागणारा, दिवा लागलेल्याच अवस्थेत. खाली दगडाबाई हातात तांब्या घेऊन वर बघत होती. आणि रुद्राणीच्या गुडघ्यापाशी एक निळा ड्रम दोराला लोंबकळत होता. त्याचं झाकण उडालं होतं, बारदान फडफडत होतं आणि आत थेंब नव्हता. तिनं ड्रम बघितला, दगडाबाईचा तांब्या बघितला, परत ड्रम बघितला, आणि सगळा प्रयोग तिला एका क्षणात समजला. वऱ्हाडानं मंडपाचं वजन पिऊन टाकलं होतं.

बाटली उघडून एक घोट घ्यावा एवढ्या वेळात हे सगळं झालं. मग वावटळीचा त्यातला रस संपला. मंडप बांध ओलांडून खाली आला, रिकामे ड्रम आधी टेकले, ठोंब ठोंब वाजले, त्यांच्यावर मंडप बसला, आणि बसलेला उभाच राहिला. थोडा तिरका, पण चार पायांवर. रुद्राणी खांबाला मिठी मारून गोपाळच्या रानात उभी होती. पायात एकच चप्पल होती, तीही तिची नव्हती.

बांधाच्या अलीकडं कल्लोळ उडाला. कोणी म्हणालं नवरी उडाली. ते ऐकून नवरी राजेश्री घरातून मुंडावळ्या सावरत बाहेर आली. "मी हितंच हाय की!" ती ओरडली, पण तोवर कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुढं गेलेला होता. चांदण्यांपर्यंत गेली म्हणणारे दोघं, लिंबाच्या शेंड्यापर्यंत म्हणणारे बरेच.

"आठ फूट!" बांधापलीकडून रुद्राणी ओरडली. "फार तर नऊ!"

तिचं कोणी ऐकलं नाही. उडालेल्या माणसाला उंचीतलं काय कळतंय.

गोपाळ आपल्या बाभळीखालच्या बाजेवरून उठून आला. आवतण नसल्यामुळं तो सकाळपासून लग्नाकडं पाठ करून बसला होता, आणि आता लग्नच त्याच्या समोर येऊन उभं राहिलं होतं.

"कोणाला इचारून आणला ह्यो मंडप?" त्यानं रुद्राणीला विचारलं.

"आणला नाही. आला."

"इतक्या वर्षांत ह्या बांधावरनं आश्रुबाचं एक कोंबडं आलं न्हाई. आन् आज आख्खा मंडप?" तो बांधाकडं वळून ओरडला. "आता हितलं रान बी कोरायलास काय रं?"

"सामान आत्ता काढून घेतो!" आश्रुबांनी तिकडून आवाज दिला, पण गोपाळला नाही, महारुद्रला. "ए, सोड तो मंडप आन् घेऊन ये हिकडं! मुहूर्त टळायलाय!"

महारुद्र बांध ओलांडून आला. त्यानं एक गाठ ओढून बघितली, दुसरी ओढली, तिसरीला दात लावले. मग पाठ फिरवून उभा राहिला.

"सुटंना, मालक," तो म्हणाला.

"मग उचलून आणा!"

"वावटळ पायजे, मालक."

गुरुजींनी घड्याळ बघितलं. नवरदेवाच्या बापानं आश्रुबांकडं बघितलं. आश्रुबांनी बांधाकडं बघितलं, जसं काही तो बांध नसून गोदावरी आहे. तेव्हा राजेश्रीनं शालू वर खोचला.

"मी चालले," ती म्हणाली. "काकाच्या रानात. ज्याला यायचंय त्यानं यावं." आणि ती भेगांमधून उड्या टाकत गेली. तिच्यामागं नवरदेव, तो घोड्यापेक्षा समजूतदार निघाला. मग दगडाबाई, मग सगळं वऱ्हाड, बहुतेक अनवाणी, पाय भाजत असल्यामुळं नाचत नाचत. शेवटी बांधावर एकटे आश्रुबा राहिले.

"ये की," गोपाळ म्हणाला. "पन फेटा पायजे मला. माझ्या रानातलं लगीन हाय."

"तुझं कामून? मंडप माझा हाय!"

"मंडप तुझा, जमीन माझी. मोजणी आणू का?"

आश्रुबांनी स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, तोही रागानं, आणि त्या रागातच तो नीट बसवून दिला. मंगलाष्टका सुरू झाल्या. सावली गार होती. तिरक्या मंडपात सगळे थोडे एका बाजूला कलून उभे होते, एवढाच फरक.

जेवणं झाली. चपला शोधण्यात ऊन उतरलं. रुद्राणी एका रिकाम्या ड्रमवर बसून तळहातावरचे वळ बघत होती. अप्पा लिंबाखालून उठून तिच्याजवळ आले. त्यांनी मंडपाभोवती एक चक्कर मारली, छत बघितलं, एक पाईप हलवून बघितला. कुठं फाटलं नव्हतं, कुठं वाकलं नव्हतं.

"उभा हाय," ते म्हणाले.

"उभा आहे," ती म्हणाली. तिला तिथंच थांबता आलं असतं. "पण उडाला, अप्पा. अट तीच होती. माझी गणितं बरोबर होती, पण लोक पाणी पितात हे मी धरलंच नव्हतं. मंडप उडाला."

अप्पा दुसऱ्या ड्रमवर बसले. पलीकडं गोपाळ फेटा घालून एका पाहुण्याला सांगत होता की मंडप इकडं येणार हे त्याला सकाळीच वाटलं होतं.

"एवढी वर्षं झाली," अप्पा म्हणाले. "किती मंडप उडाले त्याला गिनती न्हाई. प्रत्येक वेळी मी पहिला पळालो. तुला भ्या न्हाई वाटलं?"

रुद्राणीनं नीट आठवून बघितलं. खोटं उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

"वर असताना नाही," ती म्हणाली. "खाली यायला लागल्यावर वाटलं."

"पडायचं?"

"बीएडचं."

अप्पांच्या खांद्यांना हिसका बसला. रुद्राणीला वाटलं त्यांना ठसका लागला. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि उठले.

"मंडप राहू दे हितंच," ते महारुद्रला म्हणाले. "उद्या करवत घेऊन ये."

"दोर कापायला?" महारुद्रला लागलं ते.

"आता ते ताईला इचार," अप्पा म्हणाले.

महारुद्रनं रुद्राणीकडं बघितलं. "करवत नको," ती म्हणाली. "गाठीत घालून ती सोडवायची जाड सुई आणा. आणि पुढच्या वेळी एक गाठ सुटणारी मारायची. कुठली, ते मी सांगते."

तिघं टेम्पोकडं निघाले. अप्पा सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दारावर हात ठेवला आणि तसेच थांबले. मग त्यांनी हात काढला, गाडीला पुढून सावकाश वळसा घातला आणि पलीकडच्या दारानं आत चढून बसले.